धुरावांचून धूम्रपान

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं घडलेली गोष्ट. कपडे धुण्यास टाकतांना आजीबाईंना कॉलेजांत जाणाऱ्या नातवाच्या खिशांत बोटभर लांबीची एक चपटी कांडी सांपडली. संगणकाला लावावयाची कांहीं वस्तु असेल, हरवली तर मुलाच्या अभ्यासाचा खोळंबा होईल, अशा काळजीनें त्यांनीं ती देवघराच्या फडताळांत जपून ठेविली. ती विजेवर चालणारी सिगारेट आहे हें गुपित धाकट्या नातीनें फोडलें आणि मग घरांत जें व्हावयाचें तें झालें. आजोबा हातांतील तपकिरीची डबी मिटून नातवाला उपदेश करूं लागले, तेव्हां तो मान खालीं घालून एवढेंच म्हणाला, "आजोबा, तुमच्या डबींत आणि माझ्या कांडींत जिन्नस एकच आहे."

उत्तर उद्धटपणाचें खरें, परंतु खोटें नव्हे. तंबाखूंतील निकोटीन नांवाचें द्रव्य माणसाला बांधून ठेवतें. मग तें नाकानें ओढा, दातांना मिश्री म्हणून लावा किंवा धुराबरोबर छातींत घ्या. भेद आहे तो वेगाचा आणि धुराचा. फुप्फुसांतून शिरलेलें निकोटीन अवघ्या दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें. दुसरी कोणतीहि वाट इतकी जवळची नाहीं. पण त्याच वाटेनें धूरहि आंत जातो. झुरका घेतांना सिगारेटच्या टोंकाशीं सुमारें ९०० अंश सेल्सिअस उष्णता असते आणि त्या भट्टींतून डांबर, कार्बन मोनॉक्साइड व इतर हजारों पदार्थ बाहेर पडतात. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनीं १९७६ सालीं हें मर्म स्पष्ट मांडलें: माणूस ओढतो निकोटीनसाठीं, आणि मरतो डांबरानें.

तेव्हां विस्तव न लावतां ओढतां येईल काय, हा प्रश्न सुचणें स्वाभाविक होतें, आणि तो पुष्कळ आधींच सुचला होता. न्यूयॉर्कच्या जोसेफ रॉबिन्सननें १९२७ सालीं विजेनें वाफ करणाऱ्या एका नळीच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १९३० सालीं तें त्याला मिळालें. ती नळी औषधी द्रव्यांची वाफ हुंगण्यासाठीं होती; ती बाजारांत कधीं आली नाहीं.

खरी कथा पेन्सिल्व्हेनियांतील बीव्हर फॉल्स या लहानशा गांवीं सुरू होते. तेथें हर्बर्ट गिल्बर्ट नांवाचा भंगार धातूंचा व्यापारी राहत असे. स्वतः दिवसाला दोन पाकिटें ओढणारा हा गृहस्थ विचार करूं लागला कीं अपाय होतो तो जाळल्यामुळें. तर जाळण्याच्या जागीं दुसरें कांहीं ठेवावें. त्यानें बॅटरीवर तापणारी एक नळी योजिली. तींतून ओढलें असतां तंबाखू व कागद यांच्या धुराऐवजीं उबदार, ओलसर आणि सुवासिक हवा तोंडांत येई. १९६३ सालीं त्यानें अर्ज केला आणि १७ ऑगस्ट १९६५ रोजीं त्याला पेटंट मिळालें. मधल्या काळांत, जानेवारी १९६४ मध्यें, अमेरिकेच्या सर्जन जनरलनें धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध जाहीर करणारा प्रसिद्ध अहवाल काढला होता. म्हणजे मुहूर्त याहून चांगला असूं शकत नव्हता. गिल्बर्टनें नमुने करून कारखानदारांना दाखविले. पण कोणीहि ती नळी बाजारांत आणली नाहीं.

असें कां व्हावें? तंबाखूच्या धंद्याचें त्या काळीं उत्तम चाललें होतें, १९६५ सालीं अमेरिकेंतील शंभरांपैकीं बेचाळीस प्रौढ माणसें सिगारेट ओढीत होतीं, हें एक कारण असेलच. परंतु आम्हांला दुसरें कारण अधिक वजनदार वाटतें. गिल्बर्टच्या नळींत निकोटीनच नव्हतें. संवय हाताची, ओठांची आणि चवीची आहे, असा त्या भल्या माणसाचा समज असावा. रोग्याचें पथ्य त्यानें इतकें कडक केलें कीं रोगी पानावर बसलाच नाहीं.

पुढें १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतच 'फेवर' नांवाची धूररहित सिगारेट निघाली. तिच्यांत वीज नव्हती, निकोटीनानें भिजविलेला बोळा मात्र होता. हें तर परवानगी न घेतलेलें औषध, असें म्हणून सरकारी औषध खात्यानें १९८७ सालीं तिला अटकाव केला.

मग हें काम चीनमध्यें झालें. शेन्यांग शहरांतील औषधतज्ज्ञ होन लिक हाहि पट्टीचा ओढणारा, आणि त्याचे वडीलहि तसेच; ते पुढें फुप्फुसाच्या कर्करोगानें वारले. सिगारेट सुटावी म्हणून होन अंगाला निकोटीनची पट्टी लावीत असे. एका रात्रीं ती काढावयाची राहून गेली व त्याला भयंकर स्वप्न पडलें: आपण समुद्रांत बुडत आहों, आणि एकाएकीं त्या पाण्याचें धुकें झालें. हकीकत त्याचीच आहे. आविष्कार करणाऱ्यांच्या स्वप्नांवर किती विश्वास ठेवावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण युक्ति नेमकी तीच होती. निकोटीनचें द्रावण घेऊन सूक्ष्म कंपनांनीं त्याचे तुषार करावयाचे व ते धुक्यासारखे छातींत ओढावयाचे. २००३ सालीं त्यानें पेटंटचा अर्ज केला; पुढल्याच वर्षीं माल चीनच्या बाजारांत आला. नांव पडलें 'रूयान', म्हणजे 'धुरासारखें'. दोन-तीन वर्षांत ती वस्तु युरोप-अमेरिकेंत पोंचली आणि २०१३ सालीं इंपीरियल टोबॅको या ब्रिटिश कंपनीनें तो धंदा साडेसात कोटी डॉलरांना विकत घेतला. ज्या धंद्याच्या विरुद्ध औषध म्हणून ती निघाली, त्याच धंद्याच्या वखारींत ती जाऊन बसली.

पहिल्या कांड्यांतून निकोटीन फारच थोडें मिळे. पुढें कंपनांची जागा तापणाऱ्या तारेनें घेतली, आणि २०१५ सालीं निघालेल्या 'जूल'नें निकोटीनच्या क्षारांचा उपयोग करून झुरका सौम्य पण मात्रा जबर अशी सोय केली. परिणाम लौकरच दिसला: २०१८ सालीं अमेरिकेंतील हायस्कूलच्या दर पांच मुलांत एक या कांडीचा शोकी निघाला. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्यें वटहुकूम व डिसेंबरांत कायदा होऊन तिची निर्मिति, आयात, विक्री, जाहिरात व साठा यांना बंदी झाली. बिडी-सिगारेट मात्र कोपऱ्यावरच्या पानपट्टींत उजळ माथ्यानें विकली जाते, ही विसंगति कोणाच्याहि ध्यानांत येईल. स्नेह्यांच्या नातवाची कांडी अर्थात् चोरवाटेनें आलेली होती.

सिगारेट सोडविण्याचा तिचा गुण अगदींच खोटा नाहीं. इंग्लंडांत ८८६ माणसांवर केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, कांडी दिलेल्यांपैकीं शेंकडा १८ जणांची सिगारेट वर्षानंतरहि सुटलेली होती. पट्टी, गोंद वगैरे घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ९.९ होतें. मात्र कांडीनें सिगारेट सोडलेल्या त्या लोकांपैकीं शेंकडा ८० जण वर्षानंतरहि कांडी ओढीतच होते. खुद्द होन लिकनें तर पुढें एका मुलाखतींत सांगून टाकलें कीं आपण कांडीहि ओढतों आणि अधूनमधून सिगारेटहि.