बेडकाचेही आभार!

तुमच्या अंगातला शर्ट किंवा फ्रॉक आत्ता अंगाला लागतोय. मी सांगेपर्यंत जाणवत होता का? नाही ना! सकाळी घालताना मात्र जाणवला होता. मग मेंदूने ठरवलं, ‘हे तर रोजचंच’, आणि त्याकडे लक्ष देणं सोडून दिलं.

डोळ्यांची गंमत याहून भारी. तुम्ही एकटक बघत असलात, तरी तुमचे डोळे अगदी बारीक थरथरत असतात. शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. डोळा जेवढा हलेल तेवढंच समोरचं चित्रही हलेल, अशी सोय केली. काय झालं असेल? काही सेकंदांत चित्र दिसेनासं झालं! समोर असून गायब. दिसत राहायचं, तर डोळ्याला सतत हलावं लागतं.

आता भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घरात जेवायला बसू. ताटात भात आणि वरण. पण घास घ्यायच्या आधी सगळे डोळे मिटतात आणि देवाचे आभार मानतात. कालही मानले होते, उद्याही मानतील. रोज तोच भात, मग रोज काय आभार? मला विचाराल, तर ही प्रार्थना म्हणजे मनाची तशीच बारीक थरथर आहे. ताट रोजचं झालं की दिसेनासं होतं. आभार मानायचे म्हटलं की त्याच्याकडे पुन्हा बघावं लागतं. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही जेवण मागितलंय ते फक्त आजच्यापुरतं. महिन्याचं रेशन नाही!

चला तर, त्या भाताकडे नीट बघू.

पावसाळ्यात साकोली-लाखनीकडे गेलात, तर बांध्यांमध्ये वाकून रोवणी करणाऱ्या बाया दिसतील. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, पाणी भरलेल्या चिखलात रोवायचे. पण थांबा, मुळांनाही हवा लागते की! तुरीचं रोप असं पाण्यात उभं केलं, तर मुळं गुदमरून कुजतील. मग धान कसं जगतं? त्याच्या पानांत, खोडात आणि मुळांत पोकळ वाटा असतात. वरची हवा त्या वाटांनी थेट चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. बांधीतल्या पाण्यात निळी-हिरवी शेवाळंही असतात. त्यांतली काही हवेतला नायट्रोजन पकडतात आणि धानाला फुकटात खत मिळतं. बेडूक किडे गट्टम करतात. ऊन तर सूर्यापासून 8 मिनिटं 20 सेकंदांचा प्रवास करून पानावर पोचतं.

आणि पाणी? एक किलो तांदूळ पिकायला हजार लिटरहून जास्त लागतं. पाऊस मधेच दडी मारतो, तेव्हा कामी येतात तलाव. या भागात कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या पाळी घालून तलाव बांधले. मामा तलाव म्हणतात ते हेच, माजी मालगुजारी तलाव. बांधणारे कधीच गेले, पाणी अजून बांधीत येतंय.

एखाद्या वर्षी तलावही आटतात आणि धान जातं. तेव्हा कसले आभार? प्रश्न खरा आहे, आणि ‘सगळं छान आहे’ असं खोटं म्हणायला बायबलही सांगत नाही. त्यात रडगाणी आहेत, देवाकडे केलेल्या तक्रारीही आहेत. पण पौल नावाच्या प्रेषिताने कैदेतून मित्रांना पत्र लिहिलं, ते देवाचे आभार मानूनच सुरू केलं. कैद होतीच, पण मित्रही होते.

नीट बघण्याची एक गोष्ट रेल्वेतही सुरू झाली. नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे भंडारा जिल्ह्यातून जाते. 1893 च्या सुमारास या मार्गाने कवी नारायण वामन टिळक चालले होते. डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळक भारावून गेले. रानातली फुलं बघा, आकाशातली पाखरं बघा, असं येशू त्यात सांगतो. ती आजच्यापुरत्या जेवणाची प्रार्थनाही त्याच प्रवचनात आहे, बरं का! 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतक्या कविता लिहिल्या, की लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणू लागले. देवाची भजनं मात्र अभंगाच्या चालीवर. मराठी चर्चमध्ये ती आजही गातात.

आभार मानून खरंच काही फरक पडतो का? 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक अभ्यास छापला. काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, दर आठवड्याला, आभार मानावेत अशा गोष्टी लिहिल्या. काहींनी कटकटी लिहिल्या. आभारवाल्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं. दर आठवड्याला एकदा, आणि तेही वहीत! इकडे आज्या दिवसातून दोन-तीनदा हे काम वहीशिवाय उरकतात.

आज रात्री करून बघा. नेहमीच्या प्रार्थनेत एकच नवं नाव घाला. रोवणी करणारी मावशी, तुमसरच्या राइस मिलमधला हमाल, नाहीतर बेडूक. धोका एवढाच, की शेवाळं, कोहळी, सूर्य असं करत यादी लांबली आणि वरण गार व्हायला लागलं, तर आजी मधेच मोठ्याने ‘आमेन’ म्हणून टाकेल.