न थांबणाऱ्या गाडीतून स्थानके ओळखताना

मुंबईहून पुण्याकडे धावणाऱ्या जलद गाडीच्या खिडकीत बसून, जेथे ती थांबत नाही अशी स्थानके ओळखण्याचा ज्यांना शौक आहे, त्यांनी फलाटाच्या मधोमध रुळांना समांतर टांगलेल्या पाट्यांच्या नादी लागू नये, कारण त्या वाचता वाचताच पुसट होतात. भरवसा ठेवावा तो फलाटाच्या टोकाशी, येणाऱ्या गाडीस सन्मुख उभारलेल्या पिवळ्या फलकावर, ज्यावर काळ्या अक्षरांतील नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंचीही नमूद असते.

नेरळ फलकावाचूनही कळते, कारण १९०७ साली सुरू झालेला माथेरानचा दोन फुटी लोहमार्ग उजव्या हाताला दिसतो. पळसदरीस खोपोलीचा फाटा वेगळा होतो, एवढी खूण पुरे.

खरी मौज बोरघाटात, आणि तीही परतीच्या प्रवासात. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी ही स्थानके उतारूंच्या चढउताराकरिता नव्हेत, तरीही घाट उतरणारी गाडी तेथे थबकते आणि नवखा प्रवासी उगाच सिग्नलला बोल लावतो. वस्तुतः तेथील सांधा एरवी चढावर जाऊन संपणाऱ्या आडमार्गाकडे लावलेला असतो, जेणेकरून ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढावर आपोआप रोखली जावी. गाडीने थांबून आपण ताब्यात असल्याची खातरी पटविल्यावरच तिला मुख्य मार्ग खुला होतो. तेवढ्या अवकाशात फलक निवांत वाचून घ्यावा. खाली मात्र उतरू नये.