मदतनिसांचा तक्ता आणि परभणीची मुले

बालवाडीच्या भिंतीवरचा ‘आपले मदतनीस’ हा तक्ता बहुतेकांनी पाहिलेला असतो. वरच्या ओळीत पांढरा हातमोजा उंचावलेला पोलीस, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेले डॉक्टर, खांद्याला खाकी पिशवी अडकवलेला पोस्टमन. खालच्या ओळीत न्हावी, धोबी, चांभार, कुंभार आणि झाडू घेतलेला सफाई कामगार. सगळे हसतमुख, सगळ्यांचे कपडे कडक इस्त्रीचे. बाई पट्टी टेकवतात आणि मुले एका सुरात सांगतात, डॉक्टर औषध देतात, पोलीस चोर पकडतात. यात खोटे काही नाही, पण नागरिक घडवायला एवढे पुरत नाही. तक्ता मुलांना आभार मानायला शिकवतो. काम कोण करून घेते, त्याचे पैसे कोण देते आणि काम झाले नाही तर जाब कुणाला विचारायचा, हे मात्र तो मनात येऊ देत नाही. खालची ओळ तर निरखूनच पाहावी. त्रिं. ना. आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’त जी बलुतेदारी तपशीलवार मांडली, तिच्यात कोणी काय करायचे हे जन्माने ठरत असे आणि मोबदला खळ्यावरच्या धान्याच्या रूपाने मिळे. तेच धंदे डॉक्टरांच्या शेजारच्या चौकटीत बसले की जणू प्रत्येकाने आपापल्या आवडीने काम निवडले, असा समज होतो.

हा समज किती पोकळ आहे, ते परभणी जिल्ह्यानेच पाहिले आहे. 11 मे 2023 रोजी सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा परिसरात, एका शेतातल्या सेप्टिक टँकची सफाई करताना पाच कामगार गुदमरून मेले. सुरक्षेच्या साधनांविना माणसाला टाकीत उतरवण्यास मनाई करणारा कायदा 2013 पासून अस्तित्वात आहे. 2023 च्याच ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. आता ‘सफाईवाले काका आपल्याला मदत करतात’ एवढेच शिकलेले मूल मोठे होऊन टाकी उपसायला माणूस बोलावते, तेव्हा आपण कायदा मोडतो आहोत हे त्याच्या गावीही नसते. काकांना गुलाबाचे फूल देण्याचा कार्यक्रम शाळेत दरवर्षी होऊ शकतो. त्यांना मुखवटा, दोर आणि यंत्र मिळते का, हा प्रश्न त्या कार्यक्रमात बसत नाही.

आणखी एक माणूस तक्त्यात नसतो, तो म्हणजे तक्ता शिकवणारी अंगणवाडीताई. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. ताई मुलांची वजने घेतात, आहार वाटतात, गरोदर बायांच्या नोंदी ठेवतात, मोबाइलवर माहिती भरतात. तरी सरकारदरबारी त्या मानसेवीच, म्हणून त्यांना वेतन नाही, मानधन मिळते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला एप्रिल 2022 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रभर संप करावा लागला. अंगणवाडीला कुलूप का आहे, हे त्या दिवसांत मुलांना सांगितले असते, तर नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मिळाला नसता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढ्याशा पोरांना हक्क नि मजुरी काय कळणार? पाच वर्षांच्या मुलासमोर खाऊची वाटणी करून पाहावी. कुणाला किती आले, हे ते आधी मोजते. ज्याँ पियाजे यांनी 1932 च्या ग्रंथात मुलांच्या नीतिविचाराचा शोध गोट्यांच्या खेळातूनच घेतला होता. इतक्या लांब जायचीही गरज नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2009 मध्ये जिल्हा परिषदेच्या 500 शाळांतून ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला, तो संविधानातली मूल्ये प्राथमिकच्या मुलांपर्यंत खेळ, गट आणि चर्चेतून नेण्यासाठीच. त्याच्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मूल लहान आहे म्हणून विषय लहान करावा लागतो, खोटा करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. असे प्रश्न पेरले तर पोलिसांबद्दल, सरकारबद्दल आदर उरेल का? घरात मूल जेवत नाही म्हणून ‘पोलीस धरून नेईल’ अशी भीती घालायची आणि शाळेत तोच पोलीस मित्र म्हणून दाखवायचा, हे दोन्ही आपण बिनदिक्कत करतो. परभणीत मात्र यापैकी कोणतेही चित्र आता टिकणारे नाही. 10 डिसेंबर 2024 रोजी रेल्वे स्थानकासमोर, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि 15 डिसेंबरला अटकेतल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पुढे उच्च न्यायालयाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. मुलांच्या कानावर हे सगळे आलेलेच आहे. त्यांना तपशील सांगू नयेत. पण दगड मारणाऱ्याला जसा कायदा लागू आहे तसाच पोलिसालाही आहे आणि पोलिसालाही न्यायालयात उत्तर द्यावे लागते, एवढे तिसरी-चौथीच्या मुलाला सहज समजते. आदर टिकायचा तर तो यावरच टिकेल. संविधानाची उद्देशिका शाळांमध्ये वाचली जाते, पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेलीही असते. नुसते पाठांतर झाले तर तिचाही तक्ताच होतो.

शिक्षकांवर आधीच कामाचा ढीग आहे, ही तक्रार खरी आहे. पण यासाठी नवा तास लागत नाही. गावात पाणी सोडणाऱ्या माणसाला वर्गात बोलवा, टाकी कोण धुते आणि पाणीपट्टी कुठे जाते ते मुलांना विचारू द्या. दिवाळीची सुट्टी संपेल तेव्हा गंगाखेड, पालम, जिंतूरकडच्या तांड्यांवरची काही मुले आईबापांबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली असतील. आपल्या चहात साखर घालणारे हे आईबाप कोणत्याच तक्त्यात नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा विषय घ्या, आणि त्या बैठकीला चौथीच्या मुलांनाही बसू द्या.