सिंकखालचं डिस्पोजल अडलं तर

गार्बेज डिस्पोजल हे अमेरिकी स्वयंपाकघरातलं यंत्र. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स या आर्किटेक्टने ते १९२७ मध्ये तयार केलं. आत मिक्सरसारखी पाती नसतात. फिरत्या चकतीवरचे बोथट तुकडे खरकटं कडेच्या दातेरी कड्यावर आपटतात आणि ते बारीक होतं.

नुसता घुंऽऽ आवाज येतो, पण फिरत नाही? चमचा किंवा कोय अडकली असणार. आधी सर्किट ब्रेकर बंद करा. बऱ्याच मॉडेलांत बुडाशी मधोमध भोक असतं. त्यात पाव इंची ॲलन की घालून दोन्हीकडे हलवा. अडकलेली वस्तू चिमट्यानेच काढा. आत हात अजिबात नको. मग बुडाचं लाल रिसेट बटण दाबा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं, मेकॅनिकचे पैसे वाचतात.

सिंकच्या तोंडाशी गळत असेल तर प्लंबरची पुट्टी नव्याने भरता येते. बुडातून गळत असेल तर आतलं सील गेलं. दुरुस्तीत पैसे घालू नका, नवंच घ्या. नवं बसवताना डिशवॉशर जोडायचा असेल, तर डिस्पोजलवरच्या त्याच्या नळीच्या तोंडातलं बूच आधी ठोकून काढा. ते हमखास राहतं आणि डिशवॉशरमध्ये पाणी तुंबतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी खास: उरलेला भात पाइपात फुगतो, तूप थिजतं. दोन्ही कचऱ्याच्या डब्यातच टाका.