सातारा–सांगली : हवाई अंतर आणि बोलींचा अभ्यास

बोलींच्या पाहणीवरील एका प्रबंधिकेत गावांमधील अंतरांचा तक्ता नुकताच पाहण्यात आला. त्यात सातारा ते सांगली हे अंतर ११० किलोमीटर आणि विमानाने लागणारा वेळ आठ मिनिटे असा दिला होता. गणित चुकलेले नाही. दोन्ही शहरांच्या अक्षांश-रेखांशांवरून सरळ रेषा तेवढीच येते, आणि ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने ती आठ मिनिटांत संपते. मात्र या दोहोंपैकी कोणत्याही शहरी नियमित प्रवासी विमानसेवा नाही. सातारा जिल्ह्यातील धावपट्टी कऱ्हाडला आहे. म्हणजे विमान गाठण्यासच सांगलीच्या वाटेवर सुमारे पन्नास किलोमीटर मोटारीने जावे लागेल! शिवाय एवढ्या थोड्या अंतरात विमानास चढून पुन्हा उतरावयाचे असल्याने तो वेग त्यास क्वचितच गाठता येईल.

आपल्या भाषेतील अंतरवाचक जुने शब्द चालणाऱ्या माणसाचे आहेत. 'कोस' हा संस्कृत 'क्रोश' पासून आला; क्रोश म्हणजे हाक, आणि हाक पोचेल तेवढे ते अंतर. 'हाकेच्या अंतरावर' या प्रयोगात तीच कल्पना आजही जिवंत आहे. अरबी 'मंझिल' पासून आलेली 'मजल' म्हणजे एका दिवसाची चाल. ती घाटात आखूड होते, सपाटीवर लांबते. 'हवाई अंतर' या जोडशब्दात मात्र चालणाराच उरलेला नाही.

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. कोस दोन मैलांचा धरल्यास हे अंतर ३८ किलोमीटरांच्या आसपास येते. आता साताऱ्याहून चिपळूण सरळ रेषेत अवघे ५५ किलोमीटर, म्हणजे सांगलीच्या निम्मे. पाटणवरून कुंभार्ली घाटाने जाणारा रस्ता मात्र याच्या दुपटीहून अधिक आहे. सांगलीचा रस्ता सरळ रेषेपेक्षा दहा-पंधरा किलोमीटरच वाढतो. तक्त्यावर विसंबणाऱ्यास साताऱ्याची बोली चिपळूणला अधिक जवळची असावी असे वाटेल. प्रत्यक्ष ऐकणाऱ्यास तसे वाटणार नाही. कृष्णाकाठाने दोन्ही शहरे जोडली आहेत, आणि वाळवे, शिराळे, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी झालेल्या 'दक्षिण सातारा' जिल्ह्यास सांगली हे नाव १९६० साली मिळाले. कचेरीच्या कामासाठी साताऱ्यास होणारी ये-जा बोलीवर काहीच परिणाम करीत नसेल, हे संभवत नाही.

नॉर्वेतील बोलींविषयी शार्लोट गोस्केन्स यांनी २००४ साली हाच प्रश्न तपासला. तेथील डोंगर व खाड्या पाहता सरळ रेषेपेक्षा प्रवासास लागणारा वेळ बोलीभेदाशी अधिक जुळतो; त्यातही १९०० च्या सुमाराचा वेळ आजच्या वेळेपेक्षा अधिक जुळतो, असे त्यांना आढळले. बोली घडल्या त्या त्या काळच्या वाटांवर. आजच्या रुंद रस्त्यांनी त्यांचा हिशेब लागत नाही.

म्हणून तक्त्यात हवाई अंतर द्यावयास हरकत नाही. पण त्याच्या शेजारी रस्त्याचे अंतर, मधले घाट व नद्या, आणि जुन्या माणसांना विचारून मिळालेले बैलगाडीच्या प्रवासाचे दिवस, हे रकाने अवश्य असावेत. सदर प्रबंधिकेच्या लेखकास तेच सुचविले आहे.