रजिस्टरातला एक रकाना

घराण्यातलं एखादं पोर वाया गेलं की ‘तुळशीत भांग उगवली’ म्हणायचं आणि महाशिवरात्रीला तीच भांग प्रसाद म्हणून घ्यायची, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. इंग्रज सरकारला असला पेच पडला नाही. गांजा म्हणजे महसूल, एवढंच त्याला ठाऊक. नगर जिल्ह्यात परवाना काढून गांजा पिकवत, दुकानांचे ठेके दिले जात आणि तिजोरीत भर पडे.

१८९३ च्या मार्चमध्ये विल्यम केन या दारूबंदीवाल्या खासदाराने ब्रिटिश संसदेत बंगालमधल्या गांजाचा विषय काढला आणि त्यातून भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. आयोगाने देशभरातल्या १,१९३ जणांच्या साक्षी नोंदवल्या. पण त्याचं खरं काम झालं वेड्यांच्या इस्पितळांत. ‘गांजाने वेड लागतं’ ही समजूत आली कुठून, तर तिथल्या रजिस्टरांतून. रस्त्यावर सापडलेल्या वेड्याला पोलीस घेऊन यायचे. कागदावर ‘कारण’ असा रकाना असायचा, तो कोरा ठेवून कसं चालेल? मग लिही गांजा. आयोगाने १८९२ सालचे सगळे १,३४४ दाखले काढले. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग लिहिलेली होती. एकेका प्रकरणाच्या मुळाशी गेल्यावर उरले ९८, आणि गांजा-भांग हेच एकमेव कारण म्हणता येईल असे फक्त ६१. माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, बंदी नको, कर आणि परवाने पुरेत, असा निष्कर्ष निघाला. त्यात सरकारचा महसूलही शाबूत राहिला, हे विसरायला नको.

तीस वर्षांनी तोच रकाना जिनिव्हात पुन्हा उघडला. अफूवर भरलेल्या परिषदेत इजिप्तचे प्रतिनिधी एल गिंडी यांनी हशीशचा, म्हणजे चरसाचा, प्रश्न लावून धरला आणि आपल्या देशातल्या वेड्यांपैकी ३० ते ६० टक्के हशीशपायी वेडे झाल्याचं सांगितलं. हिंदुस्थान सरकारच्या प्रतिनिधींनी इथल्या चालीरीतींचा दाखला देऊन आपलं मत राखून ठेवलं. आयोगाचे जाडजूड खंड तयार होते, पण ते उघडतो कोण? १९२५ च्या करारात ‘इंडियन हेम्प’चं, म्हणजे गांजा-चरसाच्या झाडाचं, नाव चढलं.

मग १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार. त्यामागे अमेरिकेचा जोर मोठा होता. भारताने अडून दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या : नुसतं पान ‘कॅनाबिस’च्या व्याख्येबाहेर, आणि बाकीचं बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत. ती संपत आली तेव्हा १९८५ चा अमली पदार्थांविरोधातला एनडीपीएस कायदा संसदेत झटपट मंजूर झाला आणि १४ नोव्हेंबरला अमलात आला. धास्ती होती हेरॉइनची. मुंबईच्या गल्ल्यांत तेव्हा ‘गर्द’ शिरलं होतं, पुढच्याच वर्षी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. धास्ती रास्तच होती. पण त्या कायद्याने चरसालाही हेरॉइनच्याच पंक्तीला बसवलं, किमान शिक्षा दहा वर्षं. गांजाला तेव्हा पाचपर्यंत. हा हिशेब कुठल्या वैद्याने मांडला, ते कोणी विचारलं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून काढलं. बाजूने २७, विरोधात २५. भारताचं मत बाजूने पडलं. इकडे कायदा जागचा हलला नाही.

आजही कपाशीत किंवा तुरीत लपवलेली झाडं सापडली की ती मुळासकट उपटतात, मोळ्या बांधतात आणि पंचांसमोर काट्यावर टाकतात. काटा वीस किलोच्या पुढे गेला की ‘व्यावसायिक प्रमाण’, मग जामीन मुश्कील. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फक्त फुला-फळांचे शेंडे. शेंड्यांपासून सुटी झालेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून वकील कोर्टात विचारतो : साहेब, यातले शेंडे किती? पंचनाम्यात तो आकडा बहुधा नसतो. देठ, पानं, मुळं, सगळ्यांचं मिळून एकच वजन लिहिलेलं असतं.