तुंगनाथच्या वाटेवरचा पिका

उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथला चढताना दगडांच्या राशीतून एखादा गुबगुबीत, गोल कानांचा, शेपूट न दिसणारा प्राणी डोकावतो. बरेच ट्रेकर त्याला उंदीर समजतात. तो आहे रॉयलचा पिका, सशाचा जवळचा नातलग!

हिमालयात सुमारे ३,००० मीटरच्या वर, बर्फाळ थंडीतही पिका शीतनिद्रा घेत नाही. मग तो तगतो कसा? दगडांमधल्या फटी त्याला हिवाळ्यात थंडीपासून आणि उन्हाळ्यात उन्हापासून वाचवतात. वर साचलेला बर्फ गोधडीसारखा खालची ऊब धरून ठेवतो. म्हणूनच बर्फ कमी पडला तर पिकाला थंडी जास्त बाधते. उष्णताही त्याला सोसत नाही. उन्हाळ्यात तो चरायला मुख्यतः सकाळ-संध्याकाळीच बाहेर पडतो.

कोल्हे, चितराळ (मार्टेन) आणि शिकारी पक्षी पिकाची शिकार करतात. तिबेटच्या पठारावर तर त्याच्याच एका भाऊबंदाच्या बिळांत स्नोफिंच पक्षी घरटी करतात आणि पावसाचं पाणीही त्या बिळांतून जमिनीत मुरतं.

तुंगनाथला गेलात तर दगड हलवू नका, बिस्किटं टाकू नका, कचरा परत आणा. थोडं शांत बसा, पिका नक्की शोधा!